स्टेशनची गाणी बदलली की स्टेशनच बदलतं का?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतो. आमच्या शहरात एक एफएम आहे, नाव घेत नाही. सुरू झालं तेव्हा सकाळी अभंग, मग भावगीतं, दुपारी बाराला लावण्या आणि संध्याकाळी हिंदी, असा ठरलेला नेम होता. आमचं सलून आहे, आरशाच्या वरच्या फळीवर रेडिओ वडिलांच्या वेळेपासून चालूच असतो, ढोलकी वाजली की बारा वाजले, घड्याळ कोण बघतंय. दीड वर्षापूर्वी ते सगळं काढलं आणि दिवसभर नवी हिंदी-पंजाबी गाणी. आरजे तोच, आवाज तोच, तरी वडील परवा म्हणाले, "हे कुठलं स्टेशन लावलंस रे?" आणि काटा तर जराही हललेला नाही. तर स्टेशनची ओळख गाण्यातच असते का अजून कशात?

जुना श्रोता:
भाऊ, हे आधीही झालंय. १९५२ ला केसकर नभोवाणी मंत्री झाले, आपलेच मराठी माणूस, त्यांना शास्त्रीय संगीत घरोघरी पोचवायचं होतं आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास गेलीच. लोकांनी काय केलं, काटा रेडिओ सिलोनवर नेला, अमीन सायानींची गीतमाला ऐकायला. शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू करावी लागली. पण त्याच काळात, १९५५ च्या रामनवमीपासून, पुणे केंद्रावर गीतरामायण लागलं, गदिमांचे शब्द आणि बाबूजींचं संगीत, वर्षाहून थोडं जास्त काळ आठवड्याला एक नवं गीत, एकूण ५६. अजूनही त्याचं नाव निघालं की पुणे केंद्र आठवतंच. म्हणजे गाण्यानं स्टेशन घडतंही, पण गाणं तिथंच जन्मलेलं असलं तर जास्त, असं माझं मत.

माजी_आरजे:
मी सहा वर्षं एका खाजगी एफएमला होते, म्हणून आतलं सांगते. खाजगी स्टेशनला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, द्यायच्याच तर आकाशवाणीच्या, त्याही जशाच्या तशा. मग हातात उरतं काय, गाणी आणि दोन गाण्यांमधली बडबड. आमची गाण्यांची यादी हेड ऑफिसवरून यायची, चार शहरांना एकच, आणि लिंक, म्हणजे ती मधली बडबड, चाळीस सेकंदांत संपवायची. चाळीस सेकंदांत मी कुठल्या चौकात पाणी तुंबलंय ते सांगू का गाण्याचं नाव सांगू? मुंबईत २००२ ला गो ९२.५ निघालं ते इंग्रजी गाण्यांसाठी ओळखलं जायचं, पुढे त्याचंच रेडिओ वन झालं आणि गाणी हिंदी झाली, तेव्हा त्याचे पक्के श्रोते हळहळले होते. तुमच्या वडिलांना जे वाटतंय ते अगदी खरं आहे दादा.

माणदेशी:
ताई, पटलं पण पूर्ण नाही. आमच्या म्हसवडला माणदेशी तरंग हा कम्युनिटी रेडिओ आहे, ९०.४, २००८ पासून. कम्युनिटी रेडिओला निदान निम्मा कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागानं करायचा नियमच आहे. तिथं हिंदी गाणं लागलं तरी कुणाला परकं वाटत नाही, कारण गाण्याच्या आधी बोलणारी बाई आमच्यासारखंच बोलती, टँकर, चारा, मेंढरं हेच विषय. माझ्या आईला गाणी लक्षात नसतात, पण कोण काय बोललं ते संध्याकाळपर्यंत सांगत असती. माझ्या मते गाणी बदलू देत, फर्माईश आणि गावांची नावं बंद पडली की मग रेडिओ आपला राहत नाही.

कृष्णाकाठ:
माणदेशी, हे वाचलं आणि आठवलं, फर्माईशीला नावं वाचायचे ते पण त्याच वेळी बंद झालं! वडिलांचं नाव दोनदा आलं होतं, दुसऱ्यांदा तर अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक तसंच उठून त्यांना पेढा आणायला गेलेलं. आता दुपारी बाराला ते काटा फिरवून सांगली आकाशवाणी लावतात. मी आज त्या आरजेला मेसेज टाकलाय, लावण्या नकोत एकवेळ, पण अर्धा तास फर्माईश नावासकट परत सुरू करा. उत्तर आलं की इथंच लिहितो.