मदत हवी आहे : गिल्ड वॉर्स २, एकट्याने खेळायला नेक्रोमॅन्सर की रेंजर?

गिल्ड वॉर्स २ हा ऑनलाइन गेम नाशिकहून, सिडकोतून खेळतो. शिफ्ट बदलत असल्याने कुणाशी वेळ जुळत नाही, त्यामुळे सगळं एकट्यानेच. खातं मोफतवालं आहे, म्हणजे दोनच कॅरेक्टर. पहिला एलिमेंटलिस्ट (आग-पाणी वगैरेंची जादू वापरणारा) केला, लेव्हल २७ ला आहे आणि सतत मरतोय. चिलखत हलकं, हेल्थ कमी, त्यात सर्व्हर अमेरिका-युरोपात असल्याने पिंग (सर्व्हरपर्यंत सिग्नल जाऊन यायला लागणारा वेळ) १९० मिलिसेकंदांच्या खाली येत नाही. हल्ल्याची सूचना देणारं लाल वर्तुळ दिसून डॉज (फटका चुकवायचं बटण) दाबेपर्यंत फटका बसलेला असतो.

वाय-फाय सोडून केबल लावली, ग्राफिक्स कमी केले, युरोपचा सर्व्हर घेतला. स्टाफऐवजी डॅगर वापरून पाहिले, पाण्याच्या अट्यूनमेंटमध्ये (हेल्थ भरून काढणाऱ्या जादूच्या मोडमध्ये) जास्त वेळ राहून पाहिलं. थोडा फरक पडला, पण तीन-चार शत्रू एकदम आले की संपलं.

आता एकच जागा उरलीय आणि प्रोफेशन (कॅरेक्टरचा प्रकार) नंतर बदलता येत नाही, म्हणून आधी विचारतोय. नेक्रोमॅन्सरकडे हेल्थ जास्त, वर श्राउड (काही वेळ घेता येणारं सावलीचं रूप) म्हणजे जवळपास दुसरी हेल्थच. रेंजरकडे पाळीव प्राणी मार अंगावर घेतो आणि लांबून बाण मारता येतात. एक्सपान्शन (विकत घ्यायचा वाढीव भाग) सध्या घेणार नाही, त्यामुळे त्यातच मिळणारे रीपर किंवा मेकॅनिस्ट कृपया सुचवू नका. डंजनही (गटाने खेळायच्या मोहिमा) नको, फक्त पर्सनल स्टोरी आणि मोकळा नकाशा, लेव्हल ८० पर्यंत.

एवढ्या पिंगवर ज्यांनी खरंच खेळलंय त्यांनी सांगा: डॉज चुकला तरी यातलं कोण तगतं, आणि नेक्रोमॅन्सर घेतला तर त्याचे मिनियन (त्याने बोलावलेले लढणारे प्राणी) मोठ्या बॉससमोर टिकतात का?