बेटांवरील वनस्पती-अभ्यासाची हंगामी कामे: पुण्यातून सुरुवात कशी करावी?

गेंदफूल:
नमस्कार. मी पुण्यात वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात शिकते. माझा प्रबंध साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरील गवते आणि लव्हाळ्याच्या कुळातील वनस्पती यांच्यावर आहे. पावसाळ्यात एक मीटर चौरसाचे क्वाड्राट (वनस्पती मोजण्यासाठी जमिनीवर आखलेले चौकोन) टाकून नोंदी घेणे, नमुने दाबून शीट तयार करणे आणि संग्रहालयातील जुन्या नमुन्यांशी ते ताडून पाहणे एवढा अनुभव माझ्याकडे आहे.

गेल्या काही महिन्यांपासून मी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळील चॅनल आयलंड्स, मॉरिशस आणि सेशेल्स येथील हंगामी कामांच्या जाहिराती वाचत आहे. बेटावर तळ ठोकून राहायचे, परक्या वनस्पती काढायच्या, स्थानिक रोपे लावायची आणि त्यांची मोजदाद ठेवायची, असे त्या कामाचे स्वरूप दिसते. मला हेच काम करायचे आहे, पण भारतीय पदवीधराला अशा ठिकाणी खरोखर घेतात का, हे त्या जाहिरातींवरून उलगडत नाही. अंदमान किंवा लक्षद्वीपमध्ये असे काम मिळते का, ते कोणत्या महिन्यांत असते आणि निवड करणारे नेमके काय पाहतात, हेही जाणून घ्यायचे आहे. घरी वडिलांचा प्रश्न सरळ आहे: सहा महिने काम, मग उरलेले सहा महिने काय? त्याचे उत्तर आज तरी माझ्याजवळ नाही. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

कंदीलपुष्प:
आपण परदेशी जाहिरातींचा उल्लेख केला आहे, तेव्हा आधी तेवढे स्पष्ट करतो. चॅनल आयलंड्सवरील हंगामी पदांपैकी बहुतेक पदांसाठी उमेदवाराकडे अमेरिकेत काम करण्याचा परवाना आधीपासूनच असावा लागतो, कारण सहा महिन्यांच्या मदतनीसासाठी व्हिसाचा खटाटोप करायला संस्था सहसा तयार नसतात. त्यातही सॅन क्लेमेंटे आणि सॅन निकोलस ही बेटे अमेरिकी नौदलाच्या ताब्यात आहेत, त्यामुळे तेथे परकीय नागरिकाला वाट जवळजवळ नाहीच. तेथील विद्यापीठात पुढील शिक्षणासाठी गेलात, तर गोष्ट वेगळी. तोवर त्या जाहिराती अभ्यासासाठी वाचाव्यात आणि त्यांत कोणती कौशल्ये मागितली आहेत, ते टिपून ठेवावे.

कामाचे स्वरूप मात्र आपण समजता त्यापेक्षा रूक्ष आहे, आणि ते का, हे सांता क्रूझ बेटाच्या उदाहरणावरून कळते. त्या बेटावर शतकाहून अधिक काळ मेंढ्या आणि गुरे चरत होती. 1980 च्या दशकात बेटाच्या मोठ्या भागावरून ती हटवली गेली, तेव्हा स्थानिक वनस्पती आपोआप सावरतील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात चराईमुळे दबून राहिलेली बडीशेप मोकळी झाली आणि तिने मोठे क्षेत्र व्यापले; होय, आपल्या स्वयंपाकघरातली तीच बडीशेप. पुढे 2005-06 मध्ये रानडुकरांचे निर्मूलन झाले, आणि त्यानंतरही तण काढण्याचे आणि रोपे लावण्याचे काम चालूच राहिले. मॉरिशसजवळच्या राउंड आयलंडवरून 1979 मध्ये शेवटच्या बकऱ्या आणि 1986 मध्ये ससे हटवले गेले. तेथेही ताडाच्या जातीची स्थानिक झाडे पुन्हा रुजू लागली, तसेच तणही फोफावले. प्राणी काढणे ही मोहीम काही वर्षांत संपते, पण तिच्यामागून येणारे तण पुढची कित्येक वर्षे पुरते. हंगामी माणसे लागतात ती या दुसऱ्या भागासाठी.

त्यामुळे दुर्मिळ वनस्पतीचा शोध लागेल, या आशेने कोणी जात असेल, तर त्याचा दुसऱ्याच आठवड्यात हिरमोड होतो. दिवसभर वाकून मुळासकट झुडपे उपटायची आणि संध्याकाळी गेल्या वर्षी लावलेल्या रोपांपैकी किती मेली, ते कोष्टकात भरायचे, हे ज्याला कंटाळवाणे वाटत नाही, त्याच्यासाठी ही नोकरी आहे.

वंदूरकर:
अंदमानविषयी लिहितो, कारण तेथे काही हंगाम राहून काम केले आहे.

अंदमानात नैर्ऋत्य आणि ईशान्य असा दोन्ही मोसमी वाऱ्यांचा पाऊस पडतो, म्हणून जंगलातील आणि किनाऱ्यावरील बहुतेक काम साधारण डिसेंबर-जानेवारीपासून एप्रिलपर्यंत उरकावे लागते. आपल्या सड्यावरचा (कातळी पठारावरचा) हंगाम जून ते ऑक्टोबर असतो. म्हणजे आपल्या वडिलांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर पंचांगातच आहे: पावसाळा सह्याद्रीत, हिवाळा-उन्हाळा बेटांवर. माझ्या ओळखीतील काही जण याच रीतीने वर्ष भरून काढतात.

कामे येतात ती मुख्यतः संशोधन प्रकल्पांतून. पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याला झाडांचे घेर मोजायला, रोपांची गणना करायला आणि खारफुटीत ट्रान्सेक्ट (नोंदी घेण्यासाठीच्या सरळ रेषा) आखायला एक-दोन मदतनीस लागतात. दक्षिण अंदमानातील वंदूर येथे अंदमान निकोबार एन्व्हायरन्मेंट टीमचा संशोधन तळ आहे, आणि बाहेरून येणारे पुष्कळ अभ्यासक त्याचा आधार घेतात. तेथे केरेन समाजातील सहकाऱ्यांबरोबर काम करण्याची संधी मिळाली, तर तिचे मोल कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा अधिक मानावे. 1925 पासून ब्रह्मदेशातून आणून येथे वसवलेल्या या समाजाला जंगल, ओहोटी-भरती आणि डुंगी (लहान होडी) चालवणे यांचे जे ज्ञान आहे, ते पुस्तकांतून मिळणारे नाही. खारफुटीत खाऱ्या पाण्यातील मगरी असतात. बरोबरचा माणूस "आज येथे उतरायचे नाही" म्हणाला, की उतरू नये, त्यावर चर्चा करू नये.

वनस्पतींच्या दृष्टीने तेथील प्रश्न फार गंभीर आहेत. चितळ हा अंदमानचा प्राणी नव्हे. ब्रिटिशांनी तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणला, त्याला खाणारा मोठा शिकारी प्राणी तेथे नाही, आणि चितळ जेथे दाट आहेत, तेथे जंगलाच्या तळाशी कोवळी रोपे टिकत नाहीत. इंटरव्ह्यू बेटावर 1960 च्या दशकात एका लाकूड कंपनीने कारभार गुंडाळताना हत्ती मागेच सोडले. त्यांच्या वंशजांनी तेथील वेत, पँडॅनस (केवड्याच्या वर्गातील झाडे) आणि झाडांच्या साली यांच्यावर केलेला परिणाम अभ्यासकांनी नोंदवलेला आहे. वरून पाहिले तर जंगल हिरवेगार दिसते. जमिनीलगतची पुढची पिढी मोजल्याशिवाय नुकसान कळत नाही, आणि ती मोजण्याचे काम आपल्यासारख्या क्वाड्राट टाकलेल्या व्यक्तीला लगेच जमेल.

परवानग्यांबाबत हयगय करू नये. राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्यात संशोधनासाठी वन विभागाची लेखी परवानगी लागते, आदिवासी राखीव क्षेत्रांत 1956 च्या विनियमानुसार प्रवेशास मनाई आहे, आणि निकोबारसाठी वेगळा परवाना लागतो. आपले नाव प्रकल्पाच्या परवान्यात समाविष्ट आहे किंवा नाही, हे तिकीट काढण्यापूर्वी विचारावे. लक्षद्वीपमध्ये तर बाहेरच्या प्रत्येकाला प्रवेश-परवाना लागतो. तेथील वनस्पती-काम बरेचसे पाण्याखालचे आहे. समुद्री गवताची कुरणे हिरव्या कासवांनी चरून कशी विरळ केली, यावर तेथे दीर्घकाळ अभ्यास झाला आहे. त्यात सहभागी व्हायचे असेल, तर आधी उत्तम पोहायला शिकावे.

टेकडीकर:
वरील दोन्ही प्रतिसाद उपयुक्त आहेत, पण माझे मत थोडे वेगळे आहे. बेट म्हणजे चहूबाजूंनी पाणीच हवे, असे परिस्थितिकीशास्त्र मानत नाही. आपण ज्या सड्यावर काम केले, तो स्वतःच एक बेट आहे. पावसाळ्यात पाण्याने थबथबलेला, उन्हाळ्यात भाजून निघणारा, मातीचा थर जेमतेम काही बोटांचा, आणि भोवती पूर्णपणे निराळा अधिवास. म्हणूनच तेथे वायतुऱ्यासारख्या किंवा काही कंदीलपुष्पांसारख्या, अतिशय मर्यादित प्रदेशात सापडणाऱ्या वनस्पती आढळतात. अर्ज करताना आपण "गवतांवर प्रबंध केला" एवढेच लिहिले, तर वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही. विलग अधिवासातील वनस्पती-समूहाचा अभ्यास केला, असे लिहिले, तर ते खरेही आहे आणि बेटांवर काम करणाऱ्याला लगेच उमगणारेही आहे.

आणखी एक मुद्दा. कंदीलपुष्प यांनी चराई हटवल्याचे परिणाम सांगितले. साताऱ्याजवळच्या कास पठारावर याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. तेथे कुंपण घातल्यावर गुरांचे चरणे थांबले, आणि त्यामुळे उंच वाढणाऱ्या वनस्पतींचे फावून बुटक्या फुलझाडांची जागा आक्रसते का, यावर स्थानिक लोक आणि अभ्यासक यांच्यात बराच वाद झाला. समुद्री बेटावर बकरी नव्याने आलेली असते. सड्यावर गुरे पिढ्यान्‌पिढ्या चरत आली आहेत. दोन्हीकडे एकच उपाय लागू होईल, असे गृहीत धरणारा उमेदवार मुलाखतीत अडचणीत येतो, आणि दोन्हींतील फरक मांडू शकणारा लक्षात राहतो.

उरलेल्या महिन्यांच्या कमाईचा प्रश्न आहे, त्याबद्दल सल्लागार संस्थांचा विचार जरूर करावा, पण डोळे उघडे ठेवून. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनासाठी त्यांना वनस्पती ओळखणारी माणसे लागतात आणि पैसेही बरे मिळतात. मात्र अशा अहवालांसाठी पुष्कळदा एकाच हंगामाची, तीही पावसाळा वगळून, माहिती गोळा केली जाते. मार्च महिन्यात सड्यावर गेलेल्या माणसाला काळा कातळ आणि वाळके गवत दिसते, आणि अहवालात "उल्लेखनीय वनस्पती नाहीत" असे वाक्य उमटते. ज्या जागी ऑगस्टमध्ये गेंद आणि सीतेची आसवे पाय ठेवायला जागा देत नाहीत, त्या जागेबद्दलचे असे वाक्य आपल्या सहीखाली जाऊ देऊ नये. हंगाम चुकीचा आहे, हे लेखी नोंदवण्याची मुभा मिळत असेल, तरच काम घ्यावे.

ओळखण्याचा सराव मात्र पुण्यात राहून जितका होतो, तितका क्वचितच कोठे होत असेल. भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र येथे आहे, आघारकर संशोधन संस्थेत वनस्पतिसंग्रह आहे. वेताळ टेकडीवर तर परक्या वनस्पतींचा अभ्यास घराजवळच करता येतो: लावलेली उंदीरमारी, आपणहून पसरलेली घाणेरी आणि त्यांच्या सावलीत तग धरून राहिलेले स्थानिक गवत. एकच तुकडा ठरवून वर्षभर दर महिन्याला त्याची नोंद करावी.

गेंदफूल:
सर्वांचे मनापासून आभार. एक शंका राहते. मॉरिशस किंवा सेशेल्ससाठी काही मध्यस्थ संकेतस्थळे स्वयंसेवकाकडूनच मोठे शुल्क मागतात. अनुभवाखातर ते भरावे का? आणि पहिला ई-मेल पाठवताना त्यासोबत काय जोडावे?

कंदीलपुष्प:
माझ्या मते भरू नये. राहण्या-जेवण्याचा वाजवी खर्च मागणे एक वेळ समजू शकते, पण ज्या कामासाठी प्रशिक्षित वनस्पती-अभ्यासक लागतो, त्या कामासाठी त्यानेच पैसे मोजावेत, हे मला पटत नाही. त्यातून ज्यांच्या घरी पैसा आहे, त्यांनाच अनुभव मिळतो, हे निराळेच. मध्यस्थाला वगळून मूळ संस्थेकडे थेट विचारणा करावी. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन इल-ओ-एग्रेत या सुमारे 26 हेक्टरच्या बेटावर किनारी एबनीच्या (आबनूस वृक्षाच्या) जंगलाचे पुनरुज्जीवन करते. तेथील मूळ कासवे नामशेष झाल्याने 2000 मध्ये त्यांच्या जागी सेशेल्समधील अल्डाब्रा बेटाची महाकाय कासवे आणली गेली, आणि त्यांच्या पोटातून गेलेल्या एबनीच्या बिया अधिक चांगल्या रुजतात, असे आढळले. त्या कामाविषयी आधी वाचून, आपल्याला त्यातला कोणता भाग करता येईल, ते लिहिले, तर उत्तर येण्याची शक्यता वाढते.

ई-मेलला गुणपत्रिकेपेक्षा क्षेत्र-वहीची दोन-तीन स्वच्छ पाने जोडावीत. त्यांत तारीख, ठिकाण, क्वाड्राटचा क्रमांक दिसावा आणि जी वनस्पती ओळखता आली नाही, तिच्यापुढे अंदाजाने नाव न घालता "अनिश्चित" असे लिहून नमुना क्रमांक दिलेला असावा. चुकीच्या नावाने भरलेले कोष्टक पुढच्या वर्षीच्या नोंदींशी जुळत नाही, आणि ते दुरुस्त करण्यात प्रकल्पाचा हंगाम वाया जातो. म्हणून "अनिश्चित" लिहिण्याचे धैर्य असलेला मदतनीस सगळ्यांना हवा असतो.

बेटांच्या जैवसुरक्षेची जाण आहे, हेही एका वाक्यात लिहावे. बऱ्याच संरक्षित बेटांवर उतरण्यापूर्वी बुटांचे तळवे, मोज्यांची वीण, पिशवीच्या शिवणी आणि वेल्क्रो घासून स्वच्छ करावे लागतात, कारण कुसळे आणि बारीक बिया तेथेच अडकून येतात. चाळकेवाडीहून परतल्यावर आपल्या मोज्यांत काय काय अडकलेले असते, हे आपल्याला सांगायला नकोच.

वंदूरकर:
वेळेबद्दल एक पुस्ती. अंदमानातील पुढच्या हंगामासाठी विचारणा करायची असेल, तर ती ऑगस्टच्या आत करावी. परवान्याच्या अर्जात मदतनीसांची नावे आधीच द्यावी लागतात, आणि नोव्हेंबरमध्ये आलेल्या चांगल्या अर्जालाही बहुतेक वेळा पुढच्या वर्षी या, असेच सांगावे लागते.