इनडायरेक्ट एलायझा: प्रायमरी न घातलेल्या वेललाही रंग का येतोय?

प्रश्न:
चाचणी इनडायरेक्ट एलायझा: प्लेटच्या खड्ड्यांना (वेलना) अँटिजेन चिकटवायचं आणि त्याला बसणारी अँटिबॉडी रंगाने दाखवायची. अँटिजेन ओव्हाल्ब्युमिन हे प्रोटीन. कोटिंग (अँटिजेन वेलला चिकटवणं) 100 मायक्रोलिटर, 4 अंश सेल्सिअसला रात्रभर. ब्लॉकिंग (उरलेली मोकळी जागा भरणं) 1 टक्का बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन, 100 मायक्रोलिटर, अर्धा तास. प्रायमरी, म्हणजे अँटिजेनला बसणारी अँटिबॉडी: सशाचा अँटिसीरम 1:500 पातळ करून. मग सेकंडरी, म्हणजे प्रायमरीला पकडणारी अँटिबॉडी: एचआरपी (रंग आणणारं एन्झाइम) जोडलेली अँटी-रॅबिट 1:1000. तीन-तीन वॉश, टीएमबी (एचआरपीमुळे ज्याला रंग येतो ते द्रव्य) 10 मिनिटं. 450 नॅनोमीटरला रंगाचं रीडिंग: पॉझिटिव्ह 1.32, पण प्रायमरी नसलेली वेल 0.87. प्रायमरी 1:2000 केली, तरी 0.87 तसाच.

उत्तर 1:
तसाच राहणार. त्या वेलमध्ये प्रायमरी नाहीच, तर ती पातळ करून काय बदलणार? रंग येतोय तो प्लास्टिकला थेट चिकटलेल्या सेकंडरीमुळे. प्लेटचं प्लास्टिक, पॉलिस्टायरीन, पाणी टाळणाऱ्या प्रोटीनच्या भागांना पकडून ठेवतं. कोटिंगनंतर उरलेली जागा बीएसएने भरली नाही, तर सेकंडरी तिथे बसते.

तुमचं ब्लॉकिंग कोटिंगइतकंच, 100 मायक्रोलिटर आहे. प्लेट हलली की सेकंडरी ब्लॉकिंग पोचलं त्याच्या वरच्या वेलच्या भिंतीला लागते आणि ती जागा उघडीच असते. ब्लॉकिंगला 250 मायक्रोलिटर घ्या, 2 टक्के बीएसए, एक तास. सेकंडरी 1:1000 फार दाट वाटते. 1:5000, 1:10000, 1:20000 लावून पाहा आणि ती ब्लॉकिंग बफरमध्येच पातळ करा.

उत्तर 2:
आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. तीन कंट्रोल वेल ठेवा: फक्त टीएमबी, अँटिजेन आहे पण प्रायमरी नाही, अँटिजेन नाही पण बाकी सगळं आहे. पहिलीच निळी झाली तर टीएमबीत एचआरपी शिरलंय, बहुधा पिपेटच्या टिपमधून. फक्त तिसरी चढली तर प्रायमरीच प्लास्टिकला किंवा ब्लॉकिंगच्या प्रोटीनला चिकटतेय. बीएसएला हॅप्टन (एकट्याने अँटिबॉडी तयार न करणारा छोटा रेणू) जोडून अँटिसीरम बनवला असेल तर बीएसएने ब्लॉक करूच नये. त्यात बीएसएविरुद्ध अँटिबॉडी असतातच.

वॉश: 0.05 टक्के ट्वीन-20 (साबणासारखं द्रव्य) असलेलं पीबीएस (फॉस्फेटचं खारं बफर), 300 मायक्रोलिटर, दर वेळी मिनिटभर थांबून, पाचदा. प्लेट टिश्यूवर उलटी आपटा, पण वेल सुकू देऊ नका. कोटिंग बफरमध्ये मात्र ट्वीन नको, ते प्लास्टिकची जागा आधीच अडवतं.

प्रश्नकर्ता:
केलं. आता सगळी प्लेटच पांढरी, पॉझिटिव्हसुद्धा 0.06. वॉश बफरमध्ये बुरशी येऊ नये म्हणून 0.02 टक्के सोडियम अझाइड घातलं होतं.

उत्तर 1:
कारण ते अझाइडच. अझाइड एचआरपीचं हीम (लोह असलेला, काम करणारा भाग) निकामी करतं आणि एन्झाइम बंद पडतं. अझाइडचा साठा वेगळा ठेवा. वॉश बफर दर आठवड्याला ताजं करा, म्हणजे बुरशीचा प्रश्नच येत नाही. एचआरपीऐवजी अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम वापरत असाल तर अझाइड चालतं, पण तिथे पीबीएसमधलं फॉस्फेट आड येतं, म्हणून शेवटचे वॉश टीबीएसने (फॉस्फेटऐवजी ट्रिस असलेलं बफर).