आठ सेकंदांच्या नावाखाली कोर्सचे तुकडे पाडू नका

दांडियाबाजारकर
परवा इथे एक पोस्ट आली: "आजच्या पोरांचं लक्ष आठ सेकंदांपुढे टिकत नाही. ऑनलाइन प्रशिक्षणाचे साठ-साठ सेकंदांचे उभे व्हिडिओ करा, वर गुण, बिल्ले आणि क्रमवारी लावा, पोरं आपोआप शिकतील." खाली सगळे माना डोलावताना दिसले, म्हणून सविस्तर लिहितो.

आठ सेकंदांचा आकडा पसरला तो मायक्रोसॉफ्ट कॅनडाच्या २०१५ च्या अहवालातून. त्यांनी तो मोजला नव्हता, आकडेवारी देणाऱ्या एका संकेतस्थळावरून उचलला होता, आणि त्या संकेतस्थळामागे कुठलाही प्रयोग सापडत नाही. उलट २०१४ मध्ये फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर व्हिडिओ पाहिल्याच्या ६९ लाख नोंदी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहण्याचा मध्यक वेळ सहा मिनिटांच्या वर जात नव्हता. सहा मिनिटं म्हणजे आठ सेकंद नव्हेत.

वयाने फारसं काही ठरत नाही. आधी काय येतं, त्याने ठरतं. नवख्याला सोडवून दाखवलेलं उदाहरण लागतं, तेच उदाहरण जाणत्याच्या वाटेत येतं. एकोणीस वर्षांचा ट्रेनी कोर्स सोडतो तो लांब आहे म्हणून नाही, तर पहिली दहा मिनिटं त्याला करायला काहीच दिलेलं नसतं म्हणून.

बडोद्याच्या मकरपुऱ्यातला फॅनुक कंट्रोलचा, म्हणजे पॅनेलवर आकडे टाकून चालवायचा, कुठलाही लेथ घ्या. बाहेरचा व्यास २५.०० मिमी हवा, जॉब (कातलेला नग) २५.०४ निघाला. वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे टूलच्या झिजेसाठी भरायच्या दुरुस्तीच्या आकड्यात, एक्सला (व्यासाच्या दिशेला) आधीच -०.१२ आहे. नेहमीचा कोर्स 'वेअर ऑफसेट म्हणजे काय' यावर चार पडदे खर्च करतो आणि शेवटी तीच व्याख्या विचारतो. त्याऐवजी पहिल्याच पडद्यावर पॅनेलचा फोटो टाका आणि विचारा, आता काय दाबाल? -०.०४ आणि इनपुट, -०.०४ आणि +इनपुट, +०.०४ आणि +इनपुट, की -०.०२ आणि +इनपुट? लाल-हिरवी खूण दाखवू नका, पुढचा जॉब किती निघाला ते दाखवा. पहिल्याचा २५.१२, कारण साध्या इनपुटने जुनी -०.१२ पुसली गेली; +इनपुट नवा आकडा जुन्यात मिळवतं. तिसऱ्याचा २५.०८, चिन्ह उलटं पडलं. चौथ्याचा २५.०२, पोराने त्रिज्येचा हिशेब केला आणि कंट्रोल व्यासावर चालतो. २५.०० फक्त दुसऱ्याचा. प्रत्येक चुकीचा पर्याय शॉपवर खरोखर होणाऱ्या चुकीतून आला पाहिजे, आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा आला पाहिजे. म्हणजे मायक्रोमीटर बघूनच पोराला कळतं की आपण नेमकं काय केलं. याला बिल्ला लागत नाही.

उभा_पडदा
आठ सेकंदांचं तुमचं म्हणणं बरोबर. पण त्या एका आकड्यासाठी अख्खी पोस्ट झोडपणं अन्याय आहे. एडएक्सवरचे लोक व्याख्यान ऐकायला आपणहून आलेले होते. शॉपवरच्या पोराच्या एका हातात फोन असतो, तोही उभा. २०:९ च्या फोनवर १६:९ चा आडवा व्हिडिओ पडद्याचा जेमतेम पाव भाग व्यापतो, त्यात पॅनेलवरची अक्षरं वाचताच येत नाहीत. उभं चित्रीकरण ही फॅशन नाही, वाचता येण्याची अट आहे.

आणि साठ सेकंद कमी पडतात ते विषय चुकीचा कापल्यावर. 'चक', म्हणजे जॉब जबड्यांत (जॉ) पकडणारा भाग, हा एक व्हिडिओ होत नाही. 'जॉवरचा नंबर स्लॉटच्या नंबराशी जुळवून १, २, ३ याच क्रमाने बसवणं' हा होतो, आणि चाळीस ते सत्तर सेकंदांत आरामात होतो. खालचा पाचवा भाग रिकामा ठेवा, तिथे प्लेअरची बटणं येतात. डेटाचंही बघा. १.५ एमबीपीएसने सहा मिनिटं म्हणजे साधारण ६७ एमबी. पॅनेल जवळजवळ स्थिर असतं, ५०० केबीपीएस पुरतात, मग एक मिनिट ४ एमबीच्या आत बसतं. महिनाअखेरीला डेटा संपत आलेलं पोर कुठला व्हिडिओ उघडेल?

दांडियाबाजारकर
कृती दाखवायला उभा व्हिडिओ, एवढं मान्य. पण 'कधी' आणि 'का' हे साठ सेकंदांच्या तुकड्यांतून येत नाही. ऑफसेट कसा टाकायचा याची क्लिप पाहिलेलं पोर इन्सर्टची (टूलच्या कापणाऱ्या तुकड्याची) धार तुटलेली असतानाही ऑफसेटच टाकत बसतं, कारण दोन क्लिपांमधला निर्णय कोणी शिकवलेलाच नसतो. क्लिप कामाच्या वेळी शोधायला ठेवा. शिकवणं प्रश्नांतून होऊ द्या.

शिवाय व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला की येतंय असं वाटतं. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने स्वतःची परीक्षा घेतलेले पुढे गेले. म्हणून कोर्स संपल्यावर दोन दिवसांनी, आठवड्याने आणि महिन्याने तीन-तीन प्रश्न फोनवर पाठवा. तेच प्रश्न नको, आकडे बदलून. एकदा बाहेरचा व्यास, एकदा बोअर (आतलं भोक), म्हणजे चिन्ह पाठ करून भागणार नाही.

मकरपुरा_दुसरीपाळी
तुम्ही दोघं फोन उभा की आडवा यावर भांडताय, पोरं चिडतात ती वेगळ्याच गोष्टीवर: पुरा केलेला कोर्स 'अपूर्ण' दिसतो. पोराने शेवटचा पडदा पाहून ॲप वर सरकवून बंद केलं. पान बंद होताना पाठवायचा संदेश मोबाइल ब्राउझर बहुतेक वेळा पाठवतच नाही, आणि बहुतेक कोर्स नेमके त्याच क्षणाची वाट बघत बसलेले असतात. प्रत्येक पडद्यानंतर नोंद जतन करा, पान नजरेआड जाताच पुन्हा जतन करा, आणि 'पूर्ण' हा शेरा शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दिल्याबरोबर पाठवा, निरोपाच्या पडद्यावर नाही.

दुसरं, स्कॉर्म १.२ मध्ये (कोर्स आणि त्याची नोंद ठेवणारी प्रणाली जोडणाऱ्या मानकात) कुठवर आलो हे साठवायला फक्त ४०९६ अक्षरं मिळतात. चाळीस-पन्नास प्रश्नांच्या कोर्समध्ये प्रत्येक उत्तराचा पूर्ण मजकूर साठवला की जागा भरते, पुढचं काही जतन होत नाही, आणि पोर परत आलं की पहिल्या पडद्यावर. मजकुराऐवजी पर्यायाचा क्रमांक साठवा.

तिसरं, आवाज संपेपर्यंत 'पुढे' बटण कुलूपबंद ठेवणं. हे कोर्स करणाऱ्यासाठी नसतं, एचआरच्या शंभर टक्क्यांच्या तक्त्यासाठी असतं. पोरं फोन टेबलावर ठेवतात, आवाज बंद करतात आणि चहाला जातात. ज्याला येतं त्याला आधी प्रश्न सोडवून पुढे जाऊ द्या.

सूरसागर_काठ
क्रमवारीबद्दल एक सांगते. वेळेवर गुण देणारी क्रमवारी सुरक्षेच्या कोर्सला लावणं धोक्याचं आहे. दुरुस्तीच्या वेळी मशीन चुकून सुरू होऊ नये म्हणून असलेली कुलूप-टॅगची पद्धत घ्या: संबंधितांना कळवा, मशीन थांबवा, ऊर्जेचे सगळे स्रोत तोडा, कुलूप आणि टॅग लावा, साठलेला दाब सोडा, आणि शेवटी शून्य ऊर्जा आहे हे तपासा. घड्याळ लावलं की पोरं तपासणीची पायरीच उडवतात, कारण तिथे दिसण्यासारखं काही घडत नाही. म्हणजे नेमकी जीव वाचवणारी सवय आपणच मोडतो.

आणि एवढं लिहूनही भाषेबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. बडोद्यात कोर्स कुठल्या भाषेत करायचा?

जुनी_कोठी
मराठीत, गुजरातीत, ज्याच्या त्याच्या भाषेत. यात चर्चेसारखं काय आहे? १८९० मध्ये सयाजीरावांनी याच शहरात कलाभवन हे तंत्रशिक्षणाचं विद्यालय काढलं. तिथले पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जरांचा आग्रहच होता की कारागिराला तंत्र त्याच्या भाषेत शिकवावं. सव्वाशेहून जास्त वर्षांनी आपण मशीनवरच्या पोराला इंग्रजी स्लाइड दाखवतो.

उभा_पडदा
कलाभवनाबद्दल आदर आहेच. पण आज एका बॅचमध्ये गुजराती, मराठी, बिहारी, उडिया पोरं एकत्र असतात. हिंदी सगळ्यांना कळते. चार भाषांत कोर्स केला की एका पॅनेलचा फोटो बदलला तरी चार जागी दुरुस्ती, आणि त्यातली एक नेहमी जुनीच राहते. सुरक्षेच्या कोर्समध्ये जुनी आवृत्ती चालू राहणं हे परक्या भाषेपेक्षा जास्त घातक.

जुनी_कोठी
सोय तुमची होते, शिकणाऱ्याची नाही! 'कळते' आणि 'त्या भाषेत विचार करता येतो' यात फरक आहे. आणि दुरुस्तीची भीती घालून दर वेळी मराठीच का वगळायची?

सूरसागर_काठ
कोठी, मराठी वगळायला कोणी सांगत नाहीये, आवाज चढवू नका. पण घरात मराठी बोलणारं आणि गुजराती माध्यमात शिकलेलं पोर आपल्याकडे घरोघरी आहे. ते मराठी ऐकतं सहज, वाचतं मात्र गुजराती लिपी. त्याला मराठी मजकुराने भरलेला पडदा द्याल तर ते अडखळणारच. ऐकायची भाषा आणि वाचायची लिपी वेगवेगळी निवडता आली पाहिजे. आणि पॅनेलवरचे शब्द भाषांतरित करायच्या भानगडीत पडू नका. ऑफसेट, अलार्म, रीसेट हे मशीनवर जसे आहेत तसेच ठेवा, 'समायोजन' लिहिलंत तर पोर पॅनेलवर काय शोधणार?

दांडियाबाजारकर
इथे शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयरचं तत्त्व आडवं येतं. जे बोलताय तेच पडद्यावर अक्षरशः लिहिलं तर शिकणं कमी होतं.

सूरसागर_काठ
ते भाषा पक्की असणाऱ्यांसाठी. शब्द अनोळखी असतील किंवा भाषा दुसरी असेल तर लेखी शब्दांची मदत होते, हा अपवादही तिथेच मांडलेला आहे. पूर्ण वाक्य लिहू नका, फक्त तांत्रिक शब्द आणि आकडा. आणि शॉपवरच्या गोंगाटात आवाज ऐकूच येत नाही, तिथे पूर्ण सबटायटल लागतातच. ती चालू-बंद करता यावीत.

मकरपुरा_दुसरीपाळी
उभा_पडदा, चार आवृत्त्यांची अडचण खरी, पण ती बांधणीची आहे, भाषेची नाही. चित्रात मजकूर भाजू नका. सगळा मजकूर एका तक्त्यात: पडद्याचा क्रमांक, मराठी, गुजराती, हिंदी, शेवटच्या बदलाची तारीख. फोटो सगळ्यांना एकच. आवाज पडद्यागणिक वेगळ्या फाइलमध्ये, म्हणजे एक वाक्य बदललं तर तेवढंच पुन्हा. तारीख जुळत नसेल तर ती भाषा आपोआप बंद पडून हिंदी दिसेल अशी अट घाला. जुनी आवृत्ती चालू राहण्याचा प्रश्नच उरत नाही.

मजकूर युनिकोडमध्येच घ्या. श्री-लिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टच्या फाइलमधून चिकटवलं की फोनवर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट तरी ठेवा, नाहीतर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. आणि मजकूर वाचून दाखवणाऱ्या संगणकाच्या आवाजाला '-०.०४' असं देऊ नका, हायफन समजून तो उणे गिळू शकतो. संहितेत 'उणे शून्य पॉइंट शून्य चार' असं अक्षरांत लिहा. दांडियाबाजारकरांच्या त्या प्रश्नात उणे गळालं तर बरोबर उत्तर दिलेल्याचा जॉब २५.०८ निघेल.

उभा_पडदा
तक्त्याची पद्धत चालेल. तारखेची अट असेल तर माझा विरोध नाही. पण आधी हिंदी आणि गुजराती, मग मराठी. भाषांतर तपासणारा सेटर (मशीनवर टूल आणि ऑफसेट लावणारा) मिळाल्याशिवाय तिसरी भाषा सुरू करू नका.

जुनी_कोठी
मग मराठीचा आवाज तरी पहिल्याच दिवशी घ्या, पडद्यावर गुजराती असली तरी. सूरसागर म्हणतात ते पोर ऐकतं मराठीच. आणि तपासायला भाषेचा मास्तर नको, रोज ऑफसेट टाकणारा माणूस बसवा. 'टूल मागे आलं' म्हणायचं की 'बाहेर गेलं', हे तोच सांगेल.