मदत हवी आहे: हिमस्खलनाच्या बुलेटिनमध्ये धोका 'दोन', पण पायाखाली बर्फ 'धप्प' करून बसला

नमस्कार मंडळी,

डेन्व्हरला येऊन दोन वर्षं झाली. सह्याद्रीतला घसारा तुडवलेली माणसं आम्ही, त्यामुळे स्नोशू (बर्फात न रुतणारे रुंद तळाचे जोडे) भाड्याने घेऊन इथल्या डोंगरातल्या बर्थूड पास या खिंडीत (११,३०७ फूट) जाताना फार विचार केला नव्हता. गेल्या शनिवारी मात्र चांगलीच टरकले.

झाडीच्या वर, जवळजवळ सपाटीवर चाललो होतो. एकदम 'धप्प' आवाज झाला, पोटात जाणवेल असा. आजूबाजूचा बर्फ जरासा खाली बसला आणि माझ्या बुटापासून पुढे दहाएक फूट चीर गेली. मुकाट्याने आल्या पावली परत.

खाली झाडांत फावड्याने खड्डा खणून पाहिला. वर अडीच फूट घट्ट थर, तळाशी चक्क जाड साखर! मुठीत दाबली तरी गोळा होईना, बोटांतून सांडत राहिली. याला डेप्थ होर म्हणतात, हे घरी येऊन वाचलं. हंगामाच्या सुरुवातीला बर्फ पातळ असतो, जमीन शून्य अंशाच्या आसपास आणि वर कडाक्याची थंडी. मग आतली वाफ वर सरकते आणि कणांचे असे सुटे स्फटिक होतात; ते वरच्या वजनाने खचले की 'धप्प'. कोलोरॅडोत हे नेहमीचंच म्हणे.

त्या दिवशी कोलोरॅडो अ‍ॅव्हलांच इन्फर्मेशन सेंटरने हिमस्खलनाचा धोका पाचपैकी दोन दिला होता. आमच्यातला एक म्हणतो, दोन म्हणजे बिनधास्त जा. पण दोनलाही माणसाच्या वजनाने हिमस्खलन होऊ शकतं असं तिथेच लिहिलंय. मग धप्प आवाज आला की आकडा बाजूला ठेवायचा ना?

दुसरं म्हणजे ही साखर घट्ट व्हायला किती थांबायचं? ताजा बर्फ दोन-चार दिवसांत बसतो, पण हा थर आठवडेच्या आठवडे तसाच राहतो असं दिसतंय. आणि ३० ते ४५ अंशांचे उतार टाळले तरी त्यांच्या पायथ्याशी चालताना अंतर किती ठेवायचं? सपाटीवरून वरचा उतार सुटू शकतो, हे वाचल्यापासून झोप उडालीय.

चौघांत बीकन (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं सिग्नल यंत्र) दोनच आहेत. 'पुरे की' म्हणणाऱ्याला मी विचारलं, उरलेल्या दोघांना पंधरा मिनिटांत शोधणार कसं? गप्प बसला. एआयएआरई या संस्थेचा हिमस्खलन-सुरक्षेचा तीन दिवसांचा कोर्स कोणी केलाय का? नवख्यांना झेपतो?

पुढच्या शनिवारचा बेत अजून रद्द केलेला नाही. 'काही होत नाही गं' हे उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर भरपूर मिळालंय, ते सोडून काहीही सांगा.