सायबरची तक्रार केल्यावर पुढे खरंच काय होतं? कोणाचे पैसे परत आलेत का?

मिरजकर_पोरगा

नमस्कार मंडळी, जरा लांबलंय पण वाचा. माझ्या मामांना (रिटायर्ड शिक्षक, वय ६३) व्हॉट्सअ‍ॅपवर आरटीओ चलान म्हणून एपीके फाईल (मोबाईलमध्ये अ‍ॅप टाकणारी) आली, त्यांनी उघडली, आणि रात्रीतून खात्यातले २ लाख ८० हजार गेले. ओटीपी त्यांनी कुणालाच सांगितला नाही, ती फाईलच मेसेज वाचत होती म्हणे. सकाळी कळल्या कळल्या मामेभावाने १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाईन) फोन केला, लागायला वेळ लागला पण लागला, तक्रार झाली, नंबर आला. त्यातले ४१ हजार कुठल्या तरी बँकेत होल्ड झालेत असं दिसतंय, बाकीच्याचा पत्ता नाही.

मग पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणे ऑनलाईन तक्रार झालीय ना, मग एफआयआर कशाला, आणि एवढी रक्कम असेल तर सायबरला जा. सायबरला गेलो तर साहेब बंदोबस्ताला. तिथला कर्मचारी नीट बोलला, खोटं कशाला सांगू, पण तो म्हणाला खातं बंगालमधलं निघालंय, बघतो, कळवतो. त्यानंतर पोर्टलवर 'अंडर प्रोसेस' सोडून अक्षर हललेलं नाही. मामी म्हणते सोडून द्या, शेजारच्यांचे पण गेले होते, त्यांनी तक्रारसुद्धा केली नाही, काय फरक पडला? मला उत्तर देता आलं नाही. हा तपास खरंच होतो का नुसता देखावा आहे? कोणाला अनुभव असेल तर सांगा, धीर द्यायला नको, खरं सांगा.

खट्याळ_बोका

खरं पाहिजे ना, मग घे. २०२३ ला त्या राष्ट्रीय पोर्टलवर सायबरच्या जवळपास १६ लाख तक्रारी आल्या, आणि त्याच वर्षी एनसीआरबीच्या (देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारी सरकारी संस्था) रिपोर्टात देशभर सायबर गुन्हे नोंदवले किती, तर ८६,४२०. आता सगळ्याच तक्रारी गुन्हा होण्यासारख्या नसतात हे मान्य, पण १६ लाखातनं लाखभर पण नाही? बाकीचे काय गंमत म्हणून फोन करत होते? २०२४ ला लोकांचे २२,८४५ कोटी गेले, हा आकडा सरकारनेच लोकसभेत दिलाय, त्याच्या आदल्या वर्षी साडेसात हजार कोटीच्या आतबाहेर होता. म्हणजे एका वर्षात तिप्पट. आणि आपण काय केलं तर फोन लावला की आधी सायबरपासून सावध करणारी अमिताभ बच्चनची टेप. अँब्युलन्सला फोन लावताना पण बच्चन. शेवटी लोक वैतागले तेव्हा २०२५ ला बंद केलं.

आणि पुण्याचा गेनबिटकॉईनचा क्रिप्टो घोटाळा विसरलात का? २०१८ ला पोलिसांनी तपासाला मदत म्हणून बाहेरचे दोन सायबर तज्ज्ञ घेतले, त्यातला एक माजी आयपीएस. २०२२ ला त्याच दोघांना अटक, आरोप काय तर जप्तीच्या वेळी आरोपींची बिटकॉईन स्वतःकडे वळवली. बोला आता. विश्वास कुठून आणायचा, दुकानात मिळतो का?

माजी_खाकी

बोक्या, तुझे आकडे बरोबर आहेत, वाद घालत नाही. मी खात्यात होतो, शेवटची काही वर्षं सायबरलाच काढली, त्यामुळे आतून कसं असतं ते सांगतो, समर्थन म्हणून नव्हे.

पहिली गोष्ट, आयटी अ‍ॅक्टचं कलम ७८. त्यातल्या गुन्ह्याचा तपास पीआय (पोलीस निरीक्षक) किंवा त्याच्या वरचाच अधिकारी करू शकतो. चांगला तयार झालेला पीएसआय (उपनिरीक्षक) असला तरी कागदोपत्री आयओ (तपास अधिकारी) पीआयच. आता एका पोलीस ठाण्यात पीआय असतात किती? आणि त्यांच्यामागे गणपती, निवडणूक, व्हीआयपी दौरा, मोर्चे. साहेब बंदोबस्ताला हे तुला बहाणा वाटलं असेल, बहुतेक वेळा तो खरंच बंदोबस्ताला असतो रे. आणि तपास समजायला लागला की बदली. नवा येतो तो परत पहिल्यापासून.

दुसरं, पैसे कसे पळतात ते बघ. तुझ्या मामाच्या खात्यातून पहिल्या खात्यात गेले, त्याला आम्ही लेयर १ म्हणायचो. तिथून पाच-दहा मिनिटांत आठ-दहा खात्यांत फुटतात, तिथून अजून फुटतात, शेवटी एटीएममधून रोख निघते नाहीतर क्रिप्टो होऊन देशाबाहेर. आम्ही बँकेला मेल टाकायचा, केवायसी आणि स्टेटमेंट मागवायचं, मोबाईल कंपनीला सीडीआर (कॉलची नोंद) मागायचा, उत्तरं येईपर्यंत आठवडे. मग परराज्यात टीम पाठवायची तर परवानगी, गाडी, खर्च, तिथल्या पोलिसांची मदत, आणि एवढं करून दार वाजवलं की आत कोण? एखादा विशी-बाविशीचा पोरगा ज्याने पाच-दहा हजारात खातं आणि सिम भाड्याने दिलं. त्याला वरच्याचं नावसुद्धा माहीत नसतं, टेलिग्रामवरचा एक आयडी फक्त. त्याला धरून आणला तर त्याच कायद्याचं ६६ सी (ओळख चोरणं) आणि ६६ डी (तोतयेगिरी करून ऑनलाईन फसवणं), दोन्हीला जास्तीत जास्त तीन वर्षं आणि दोन्ही जामीनपात्र. फसवणुकीचं कलम जोडलं तर जरा वजन येतं.

कॉसमॉस बँक आठवते? ऑगस्ट २०१८, पुणे, ९४ कोटी. एका शनिवारी दोन-अडीच तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले आणि त्या ९४ मधलेच १३ कोटी ९२ लाख मग सोमवारी स्विफ्टवरून (बँकांची परदेशी पैसे पाठवायची यंत्रणा) हाँगकाँगला. एसआयटी (विशेष तपास पथक) नेमली, पोरांनी कोल्हापूरपासून सगळीकडचं एटीएमचं सीसीटीव्ही डोळे फुटेस्तोवर बघितलं. एप्रिल २०२३ ला पुण्याच्या कोर्टाने ११ जणांना शिक्षा पण दिली. पण ते ११ कोण? क्लोन कार्डं घेऊन रोख काढणारे. ज्यांनी बँकेची सिस्टीम फोडली ते भारताबाहेर, संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या अहवालात बोट उत्तर कोरियाकडे आहे. तिथे आमची टीम कुठली गाडी करून जाणार?

म्हणून माझं मत असं झालंय की ही १९३० ची सगळी यंत्रणा चोर पकडायला बनवलेलीच नाही, ती पैसे अडवायला बनवलीय. आणि त्या कामात ती अगदीच वाईट नाही, जुलै २०२५ पर्यंत ५,४८९ कोटी अडवले असं संसदेत सांगितलंय. गेलेल्यापुढे कमीच आहेत, पण तुझ्या मामाचे ४१ हजार त्याच्यातलेच आहेत ना. मामीला एवढंच सांग की शेजाऱ्यांनी तक्रार केली नाही म्हणून त्यांचे शून्य अडले. सरकारने मात्र ह्याला 'गुन्ह्याचा तपास' म्हणून जाहिरात करू नये, तिथे लोकांची फसगत होते आणि शिव्या खातो ठाण्यातला हवालदार.

अ‍ॅडव्होकेट_नाशिककर

काका म्हणतात ते पटतं पण एका गोष्टीवर नाही. 'ऑनलाईन झालंय ना, एफआयआर कशाला' हे कुठल्याच परिस्थितीत बरोबर नाही, मनुष्यबळ असो नसो. पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नाही. लोकांना तिथेच गंडवलं जातं, नंबर आला की त्यांना वाटतं गुन्हा दाखल झाला.

मिरजकर दादा, तुम्ही असं करा. लेखी तक्रार घेऊन जा, नाही घेतली तर बीएनएसएस (सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १७३(४) प्रमाणे ती एसपी साहेबांना रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. तरी काही नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. हद्दीचं कारण तर आता चालतच नाही, झिरो एफआयआर (हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवणं) कायद्यातच आलीय १ जुलै २०२४ पासून. आणि ते ४१ हजार आपोआप येतील म्हणून वाट बघत बसू नका, त्या रकमेसाठी कोर्टात परत मिळण्याचा अर्ज करावा लागू शकतो, बीएनएसएस कलम ५०३ खाली (जुनं ४५७). पोलिसांचा 'हरकत नाही' असा से (लेखी म्हणणं) आला की बऱ्याचदा फार वेळ लागत नाही. कितीतरी लोकांचे पैसे केवळ हा अर्ज न केल्याने तसेच पडून असतात आणि लोक म्हणतात सरकारने खाल्ले.

आता बँक. ह्याच्याकडे कोणी बघतच नाही, सगळे पोलिसांच्या मागे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात हा नियम आणला, चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे. एपीकेच्या केसमध्ये बँक म्हणणारच की फाईल तुम्ही टाकली, निष्काळजीपणा तुमचा, पण ६३ वर्षांच्या पेन्शनरच्या खात्यातून मध्यरात्री लागोपाठ एवढे व्यवहार होतात आणि तुमची सिस्टीम झोपली होती का, हे विचारायचं. आणि तुम्ही कळवल्यानंतर जो व्यवहार झाला असेल तो तर पूर्ण बँकेच्या माथी. लेखी द्या, ३० दिवसांत समाधान नाही झालं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, फी नाही, वकील पण लागत नाही (माझ्या पोटावर पाय आणून सांगतेय).

अजून एक दार आहे जे फार कमी लोकांना माहितीय. आयटी अ‍ॅक्टच्या कलम ४६ खाली राज्याचे आयटी सचिव हे न्यायनिर्णय अधिकारी असतात, ५ कोटीपर्यंतच्या नुकसानभरपाईचे दावे ऐकतात. २०१३ ला आपल्याच राज्यात राजेश अग्रवाल सचिव असताना पुण्याच्या एका कारखानदाराच्या फिशिंगच्या केसमध्ये पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख द्यायचा आदेश झाला होता. चोर सापडलाच पाहिजे अशी अटच नाही तिथे.

खट्याळ_बोका

ताई हे भारी आहे, पण मला सांगा, मामांसारखा माणूस एसपीला रजिस्टर पोस्ट, कोर्टात अर्ज, लोकपाल, सचिव एवढं सगळं करणार? म्हणजे चोरी एका क्लिकमध्ये आणि न्यायाला चार ऑफिसं. नवी मुंबईत महापेला राज्य सायबरचं एवढं मोठं सेंटर उभं केलंय ८३७ कोटीच्या प्रकल्पाचं, १९४५ म्हणून अजून एक नंबर काढलाय, तर एखादा माणूस फोन करून 'तुमच्या पैशाचं असं असं झालं' एवढं सांगायला नाही ठेवता येत?

माजी_खाकी

ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. पाठपुराव्याचा एक फोन जरी गेला ना, तरी निम्मे लोक शांत होतील.

किराणा_भुसार

माझं उलटंच झालंय हो. मी दुकानदार, कोणीतरी क्यूआरवर साडेतीनशे रुपयाचं सामान नेलं, तो पैसा कुठल्या तरी फ्रॉडचा निघाला आणि माझं अख्खं खातं फ्रीझ. परराज्यातल्या सायबरने केलंय, तिथला नंबर कोणी उचलत नाही. व्यापाऱ्याचे चेक परत जातायत. चोर मोकळा आणि मी आरोपी. १९३० चांगलं म्हणणाऱ्यांनी हे पण बघा.

अ‍ॅडव्होकेट_नाशिककर

दादा, तुमच्यासारखे फार येतात सध्या. बँकेला लेखी विचारा की कुठल्या तक्रार नंबरवरून आणि किती रकमेवर होल्ड आहे. मग बिलाची कॉपी लावून त्या ठाण्याला मेल आणि बँकेला अर्ज, की वादातली रक्कम ३५० आहे, तेवढीच अडवा, बाकी खातं खुलं करा. केरळ हायकोर्टाने २०२३ मध्ये अशाच केसमध्ये हे म्हटलंय, त्याचा उल्लेख करा. बँक नाहीच ऐकली तर मग हायकोर्ट.

मिरजकर_पोरगा

सगळ्यांचे आभार. मामांना दाखवलं, ते म्हणाले ४१ हजारासाठी कोर्टाची पायरी नको, मामी आता उलट म्हणते करा. ताई, त्या ५०३ च्या अर्जाला पोर्टलच्या तक्रारीची प्रिंट चालते का एफआयआर लागतेच?

अ‍ॅडव्होकेट_नाशिककर

बऱ्याच ठिकाणी प्रिंट आणि पोलिसांच्या रिपोर्टवर होतं, काही कोर्टं एफआयआर मागतात. तुमच्या कोर्टात काय चालतं ते आधी विचारून घ्या. आणि बँकेचा अर्ज त्यासाठी थांबवू नका, तो उद्याच द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या.