मेव्हण्याच्या मेंदूत 6.4 सेमीचा एव्हीएम, ऑपरेशन करायचं की गोळ्यांवरच ठेवायचं? (खानापूर)

खानापूरवाला: मेव्हण्याला (वय 34) उसाच्या फडातच फिट आली, बेळगावात एमआरआय केला तर डाव्या टेम्पोरल लोबमध्ये (मेंदूचा कानाजवळचा भाग) 6.4 सेमीचा एव्हीएम, म्हणजे रक्तवाहिन्यांचा गुंता, लिहिलंय. रक्तस्राव झालेला नाही. एक डॉक्टर म्हणतात लगेच ऑपरेशन, दुसरे म्हणतात फिटच्या गोळ्या चालू ठेवा, हात लावू नका. बहीण जेवेनाच झालीय. एवढा मोठा असून नुसतं बघत कसं बसायचं? कुणाला माहिती असली तर सांगा की ओ.

न्यूरो_रेसिडेंट: फुटलेला नाही ना, मग घाईत सही करू नका. एव्हीएममध्ये धमनीतलं रक्त बारीक केशवाहिन्या सोडून थेट शिरेत घुसतं, विहिरीवरच्या मोटारीचं पाणी ठिबकच्या नळीत सोडल्यासारखं. फुटायचा धोका साधारण वर्षाला 2 ते 4 टक्के धरतात, एकदा फुटला की वाढतो. ऑपरेशन किती अवघड ते स्पेट्झलर-मार्टिन ग्रेडवरनं बघतात, 1986 पासून तीच चालते. तुमचा 6 सेमीच्या वर म्हणजे 3 गुण, बोलण्याच्या भागात असला तर अजून 1, रक्त आतल्या खोल शिरांत उतरत असलं तर अजून 1. म्हणजे 4 नाहीतर 5 व्हायची शक्यता बरीच, आणि न फुटलेल्या 4-5 ला सहसा हात लावत नाहीत, कारण ऑपरेशननं बोलणंच गेलं तर?

एमआरआय_रूम: खोल शिरांचं नक्की डीएसए (रक्तवाहिन्यांची एक्स-रे तपासणी) केल्यावरच कळतंय. जांघेतनं नाहीतर मनगटातनं बारीक नळी घालून डाय सोडतात, कुठली धमनी पुरवतेय, कुठं रक्तवाहिनीला फुगा आलाय ते हलत्या चित्रात दिसतंय. तो झाल्याशिवाय ऑपरेशनचं ठरवूच नका. आणि फिल्म नको, सीडी घेऊन जावा.

निपाणीची_ताई: माझ्या भाच्याचाही असाच मोठा होता, बेंगळुरूच्या निम्हान्स दवाखान्यात दाखवला. सर्जन, नळीतनं ग्लू सोडून रक्तवाहिनी बंद करणारे आणि गामा नाईफवाले (न कापता किरण मारणारे) सगळ्यांनी मिळून बघितलं आणि गोळ्यांवरच ठेवलं. आता दुकान सांभाळतोय, फक्त गाडी चालवू देत नाही आम्ही.

खानापूरवाला: थोडा ग्लू सोडून निम्मा तरी बंद केला तर चालत नाही काय? आणि गामा नाईफ?

न्यूरो_रेसिडेंट: हाच प्रश्न महत्त्वाचा. अर्धवट बंद केल्यानं धोका निम्मा होत नाही, उलट वाढू शकतो. डीएसएत एखादा कमकुवत फुगा सापडला तर तेवढाच बंद करणं वेगळं. गामा नाईफ 3 सेमीच्या आतल्याला चांगला, बंद व्हायला 2-3 वर्षं लागतात आणि तोवर धोका तसाच. मोठ्याला टप्प्याटप्प्यानं देतात पण खात्री कमी. 2014 च्या अरुबा ट्रायलमध्ये 223 न फुटलेले पेशंट होते, नुसत्या औषधावरचे ऑपरेशन, ग्लू, किरण केलेल्यांपेक्षा जास्त बरे राहिले, पण त्यात एवढे मोठे फार थोडे होते, म्हणून तीच एक ट्रायल धरून बसू नका.

निपाणीची_ताई: बीपीएल कार्ड असलं तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेचं रेफरल (पुढं पाठवल्याची चिठ्ठी) सरकारी दवाखान्यातनं आधी करून घ्या, थेट गेलं की अडतंय.

न्यूरो_रेसिडेंट: आणि फिटची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, विहिरीत पोहणं बंद. अचानक कधी नव्हे असं डोकं दुखलं, उलटी झाली, बोलणं अडखळलं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच उचलून न्या.